कोल्हापूरच्या रेल्वेला सरकारचा पैसा कोणत्या खिशातून येतो, आणि मागणी नेमकी कुठं न्यायची

प्रश्न असा आहे: अर्थसंकल्पात रेल्वेला अडीच लाख कोटींहून जास्त रक्कम दिल्याचं दरवर्षी ऐकतो. तिकिटावर तर छापून येत होतं की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वे वसूल करते. सरकार एवढं सोसत असेल तर कोल्हापूरहून मुंबईसाठी आणखी एक रात्रीची गाडी का मिळत नाही? आणि कोल्हापूरहून कोकणातल्या वैभववाडीला जायचा मार्ग मंजूर होऊनही रूळ का पडत नाहीत?

या प्रश्नात दोन वेगळे पैसे एकत्र झाले आहेत. मार्ग बांधायचा, डबे घ्यायचे, स्थानक उभारायचं तो भांडवली पैसा. रोज गाडी चालवायची, म्हणजे वीज, पगार, देखभाल, निवृत्तिवेतन, तो महसुली पैसा. केंद्र सरकार पहिला पैसा देतं, दुसरा जवळजवळ देतच नाही. तिकिटावर छापलेली उरलेली टक्केवारी करदात्याच्या खिशातून येते असा समज त्या मजकुरानंच पसरवला. ती तूट प्रामुख्यानं मालगाड्या भरतात. हा फरक नीट कळला नाही की निवेदन चुकीच्या टेबलावर जातं, आणि कोल्हापूरच्या बऱ्याच निवेदनांचं तेच होतं.

आधी भांडवली बाजू. १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जात होता. अ‍ॅकवर्थ समितीच्या शिफारशीवरून ती पद्धत आली होती. २०१७-१८ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. त्याआधी सरकारनं घातलेल्या भांडवलावर रेल्वे दरवर्षी लाभांश भरायची. विलीनीकरणाच्या वेळी २.२७ लाख कोटींचं ते भांडवल वह्यांतून पुसलं गेलं आणि लाभांश थांबला. आता केंद्राकडून येणाऱ्या रकमेला 'सकल अर्थसंकल्पीय साहाय्य' म्हणतात. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ते २.४० लाख कोटी होतं, तर २०२४-२५ आणि २०२५-२६ मध्ये २.५२ लाख कोटी. ही रक्कम परत करायची नसते, तिच्यावर व्याजही नाही. पण ती फक्त मालमत्ता उभी करायला वापरता येते. तिच्यातून गार्डाचा पगार देता येत नाही.

याच्या जोडीला कर्ज असतं. १९८६ साली स्थापन झालेलं भारतीय रेल्वे वित्त महामंडळ बाजारातून पैसा उभारतं, त्यातून इंजिनं-डबे घेतं आणि ते रेल्वेला भाड्यानं देतं. सरकारी साहाय्य वाढल्यावर नव्या कर्जाची गरज अलीकडे कमी झाली, पण जुन्या करारांची भाडी रेल्वे अजून भरते आहे.

सुरक्षिततेच्या कामांसाठी राष्ट्रीय रेल संरक्षा कोष आहे. तो २०१७-१८ मध्ये पाच वर्षांत १ लाख कोटी या हिशेबानं सुरू झाला. दरवर्षी २०,००० कोटी, त्यातले १५,००० सरकारचे आणि ५,००० रेल्वेच्या स्वतःच्या कमाईतले. गडबड झाली ती या ५,००० मध्येच. रेल्वेकडं शिल्लकच उरत नसल्यानं तिचा वाटा बहुतेक वर्षी पूर्ण भरला गेला नाही. झिजलेली मालमत्ता बदलण्यासाठी असलेल्या घसारा निधीचंही तेच झालं. रूळ, गर्डर, सिग्नल बदलायचा पैसा कमाईतून बाजूला निघायला हवा, तो निघत नाही आणि मग नव्या भांडवलातूनच जुनं दुरुस्त होतं. ही या व्यवस्थेतली सगळ्यांत चिंतेची गोष्ट आहे, कारण ती उद्घाटनाच्या फलकावर कधी दिसत नाही.

आता महसुली बाजू. २०२३-२४ मध्ये रेल्वेचं एकूण उत्पन्न सुमारे २.५६ लाख कोटी होतं. त्यात मालवाहतुकीचे सुमारे १.६८ लाख कोटी आणि प्रवासी भाड्याचे ७०,००० कोटींच्या आसपास. परिचालन गुणोत्तर ९८.४३ टक्के, म्हणजे शंभर रुपये कमावायला ९८ रुपये ४३ पैसे खर्च झाले. वर्षाअखेरची शिल्लक होती सुमारे ३,२६० कोटी. सव्वातीन हजार कोटी ऐकायला मोठे वाटतात, पण पुणे–मिरज या एका मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजूर झालेला खर्चच सुमारे ३,६०० कोटी आहे. खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पगार आणि निवृत्तिवेतनात जातो, त्यामुळं काटकसरीला जागा फार थोडी उरते.

प्रवासी भाड्यावरची सवलत २०२२-२३ मध्ये ५६,९९३ कोटी होती, असं रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. प्रत्येक प्रवाशामागं सरासरी ४६ टक्के. २०२५ साली त्यांनी दिलेला हिशेब असा: एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्याचा खर्च १ रुपया ३८ पैसे, वसुली ७३ पैसे. कोल्हापूर ते मुंबई ५१८ किलोमीटर. या सरासरीनं एका माणसामागं खर्च सुमारे ७१५ रुपये आणि वसुली ३७८. हा आकडा सगळ्या वर्गांची सरासरी आहे, हे लक्षात ठेवा. वातानुकूलित थ्री टियर बहुतेक वर्षी आपला खर्च भरून काढतो. खरी तूट साध्या द्वितीय वर्गात, पॅसेंजर गाड्यांत आणि उपनगरी सेवेत असते. मिरज–कोल्हापूर पॅसेंजरनं रुकडी किंवा हातकणंगल्याहून रोज कामाला येणाऱ्या माणसाच्या तिकिटाचं किमान भाडं १० रुपये आहे. ती गाडी चालवण्याचा खर्च त्यातून निघत नाही. म्हणून ती बंद करावी, असा त्याचा अर्थ होत नाही. त्या माणसाला तिकीट परवडणं ही समाजाची गरज आहे, पण तिचा खर्च कोण भरतो हे स्पष्ट असलं पाहिजे.

सध्या तो भरतो कोळसा, सिमेंट, लोहखनिज आणि खत. मालभाडं खर्चापेक्षा जास्त आकारायचं आणि त्यातून प्रवासी गाड्या चालवायच्या, याला आडवं अनुदान म्हणतात. याचा उलटा फटका असा की मालभाडं चढं राहिलं की माल ट्रककडं वळतो आणि प्रवाशांना पोसणारा झराच आटत जातो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना विचारा, कच्चं लोखंड आणि कोक रेल्वेनं आणणं त्यांना कधी परवडतं आणि कधी नाही.

महसुली तोटा केंद्र थेट भरतं अशी एक ठळक जागा आहे. सीमाभागातले सामरिक मार्ग चालवताना होणारा तोटा सर्वसाधारण अर्थसंकल्पातून भरून दिला जातो. कोविडच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, तूट भरायला ७९,३९८ कोटी मिळाले, पण ते विशेष कर्ज होतं. रेल्वेच्या पुनर्रचनेवर नेमलेल्या बिबेक देबरॉय समितीनं २०१५ साली सांगितलं होतं की सामाजिक कारणासाठी तोट्यात चालवायच्या सेवांचा खर्च सरकारनं वेगळा दाखवून रेल्वेला द्यावा. माझ्या मते ती शिफारस त्या अहवालातली सर्वांत मोलाची होती. ती अमलात असती तर 'कोल्हापूर–मिरज शटल चालवायला वर्षाला इतके लागतात, ते अमुक खात्यातून येतात' असं कागदावर दिसलं असतं आणि त्यावर भांडता आलं असतं. आज तो तोटा देशभरच्या बेरजेत विरघळून जातो.

अमेरिकेत याची वेगळी मांडणी आहे. १९७१ साली सुरू झालेल्या अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीला तिथली संसद दरवर्षी रक्कम मंजूर करते. २००८ च्या कायद्यानं मात्र ७५० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटरपेक्षा, कमी अंतराच्या बहुतेक गाड्यांचा चालवण्याचा खर्च संबंधित राज्यांवर टाकला. ईशान्येचा मुख्य मार्ग त्यातून वगळला. २०१३ पासून ते अमलात आहे. राज्यानं पैसे दिले नाहीत तर गाडी बंद. त्या नियमात कोल्हापूर–पुणे आणि कोल्हापूर–मुंबई दोन्ही गाड्या महाराष्ट्र सरकारच्या अंगावर आल्या असत्या. आपल्याकडं राज्य भांडवलात वाटा उचलतं, चालवण्यात नाही.

भांडवलातला हा वाटा कोल्हापूरसाठी महत्त्वाचा आहे. अहिल्यानगर–बीड–परळी मार्गात राज्याचा निम्मा वाटा आहे, वर्धा–यवतमाळ–नांदेडमध्ये ४० टक्के. सीमेपलीकडं बागलकोट–कुडची मार्गाला कर्नाटकानं निम्मा खर्च आणि जमीन विनामूल्य देऊ केली. राज्याचा लेखी वाटा असला की रेल्वे बोर्डात प्रस्तावाचं वजन वाढतं. पण राज्याचा हप्ता थकला की केंद्रही हात आखडता घेतं, आणि मग दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. असे रखडलेले मार्ग देशात पुष्कळ आहेत.

कोल्हापूरला ही गोष्ट नवी नाही. मिरज–कोल्हापूर मार्ग कोल्हापूर दरबारानं स्वतःच्या खर्चानं बांधला. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मालकी दरबाराची, चालवणारी सदर्न मराठा रेल्वे. बांधणाऱ्याचा खिसा आणि चालवणाऱ्याचा खिसा वेगळा, हे तेव्हाच इथं ठरलेलं होतं.

आता वैभववाडी. सुमारे १०७ किलोमीटरचा हा मार्ग २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात आला. त्यानंतर सर्वसामान्य वाचकानं प्रत्येक बातमीत एकच शब्द पाहिला: मंजूर. रेल्वेच्या भाषेत मात्र चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत: सर्वेक्षण, मंजुरी, तरतूद आणि खर्च. सर्वेक्षण म्हणजे मोजणी आणि अंदाज. त्याला मंजुरी मिळते ती फक्त मोजणीच्या खर्चाला. मंजुरी म्हणजे काम पुस्तकात आलं. तरीही मोठ्या प्रकल्पाला तपशीलवार अंदाज, नीती आयोगाचं मत आणि १,००० कोटींच्या वर असेल तर केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीची संमती लागते. तरतूद म्हणजे त्या वर्षी किती द्यायचे ठरले. खर्च म्हणजे प्रत्यक्ष किती गेले. पहिल्या तीन पायऱ्यांवर वर्षानुवर्षं उभं राहता येतं.

हे तपासायला पिंक बुक, म्हणजे रेल्वेची कामवार तरतुदींची यादी, वाचायला शिका. प्रत्येक झोनचं पुस्तक अर्थसंकल्पानंतर भारतीय रेल्वेच्या संकेतस्थळावर येतं. कोल्हापूर पुणे विभागात येतं, म्हणून मध्य रेल्वेचं उघडा. कामं प्लॅन हेडनुसार, म्हणजे खर्चाच्या क्रमांकित गटांनुसार, लावलेली असतात: ११ नवे मार्ग, १५ दुहेरीकरण, १६ यार्ड आणि वाहतूक सुविधा, २१ इंजिनं-डबे, २९ फाटकं, ३० उड्डाणपूल-भुयारी मार्ग, ३१ रूळ बदलणं, ३२ पूल, ३३ सिग्नल, ५३ प्रवासी सुविधा. प्रत्येक कामापुढं मंजुरीचं वर्ष, एकूण अंदाजित खर्च, मागील वर्षअखेरपर्यंतचा खर्च, चालू वर्षाची तरतूद आणि उरलेली रक्कम असते. आकडे हजार रुपयांत असतात, इथं अनेक जण फसतात. रकान्यात १०००० दिसलं तर ते १ कोटी. आणि नुसता १ दिसला तर तरतूद आहे १,००० रुपये. काम यादीतून जाऊ नये एवढ्यासाठी ठेवलेली ती खूण असते. वर्तमानपत्रात 'तरतूद झाली' अशी बातमी आली की आधी हा रकाना बघा.

दुसरा हिशेब स्वतः करता येतो. उरलेल्या रकमेला चालू वर्षाच्या तरतुदीनं भागा. ३,००० कोटी उरले असतील आणि वर्षाला १० कोटी मिळत असतील तर ३०० वर्षं. हे नुसतं उदाहरण आहे, पण हा भागाकार निवेदनाच्या पहिल्या ओळीत घातला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

वैभववाडीचा खर्च एवढा का, त्याचं कारण भूगोलात आहे. कोल्हापूरच्या पठारावरून कोकणात उतरताना चार-पाचशे मीटरचा फरक आहे. सर्वसाधारण मुख्य मार्गावर १०० मीटरला १ मीटर चढ धरला तर केवळ उतरायला ४० ते ५० किलोमीटर लांबी लागते, तीही बोगदे आणि पुलांवरून. बोरघाटासारखा ३७ ला १ चढ ठेवला तर लांबी वाचते, पण प्रत्येक गाडीला जादा इंजिनं लावायला लागतात आणि तो खर्च कायमचा महसुली खात्यावर बसतो. शिवाय दुसऱ्या टोकाला कोकण रेल्वे ही वेगळी कंपनी म्हणून उभी राहिली. तिच्यात केंद्राचे ५१ टक्के आणि महाराष्ट्राचे २२ टक्के भाग होते. तिला भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्रानं २०२५ मध्ये संमती दिली आहे. दोन टोकांचा मालक एक झाला तर वाहतुकीचे अंदाज मांडणं सोपं होईल.

असा मार्ग फक्त प्रवाशांच्या आकड्यांवर कधीच उत्पन्नाच्या कसोटीला उतरत नाही. तो माल दाखवून उतरतो: बंदरातून येणारा कोळसा, साखर, मळी, बॉक्साइट, फाउंड्रीचा कच्चा माल. म्हणून साखर कारखाने आणि फाउंड्री संघटनांनी 'मार्ग झाल्यास वर्षाला इतके टन, या ठिकाणाहून या ठिकाणी' अशी सहीशिक्क्याची पत्रं दिली, तर ती दहा हजार सह्यांच्या निवेदनापेक्षा उपयोगी पडतात.

आणखी एक गाडी हवी असेल तर मात्र दिल्लीच्या अर्थसंकल्पाकडं बघून उपयोग नाही. तिथं तीन गोष्टी लागतात: रेक, पिट लाईन आणि पाथ.

रेक म्हणजे डब्यांची पूर्ण गाडी. कोल्हापूर–मुंबई रात्रीची रोजची गाडी दोन रेकशिवाय होत नाही, कारण एक तिकडून येत असताना दुसरा इकडून निघालेला असतो. पुणे–कोल्हापूर वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवस, याचं कारण हेच. एकच रेक हुबळीहून पुण्याला, तिथून कोल्हापूरला आणि दुसऱ्या दिवशी परत तसाच फिरतो. रोज हवी असेल तर मागणी 'फेऱ्या वाढवा' अशी न करता 'कोल्हापूरसाठी स्वतंत्र रेक द्या' अशी केली पाहिजे. ती प्लॅन हेड २१ च्या वाटपात बसते.

पिट लाईनवर रेकची खालून तपासणी होते. एका रेकला काही तास लागतात. त्या वेळी दुसरा रेक उभा करायला जागा नसेल तर नवी गाडी कोल्हापुरात संपवता येत नाही. एलएचबी या नव्या बनावटीच्या २४ डब्यांची गाडी इंजिनासह पावणेसहाशे मीटरच्या पुढं जाते. फलाट आणि पिट दोन्ही तेवढे लांब लागतात. हे काम प्लॅन हेड १६ मध्ये येतं. अमृत भारत योजनेतलं स्थानकाचं काम ५३ मध्ये येतं. दर्शनी भाग कितीही देखणा झाला तरी त्यानं गाड्या उभ्या करायची क्षमता वाढत नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

पाथ म्हणजे मार्गावर गाडीला मिळणारी वेळेची फट. मिरज–कोल्हापूर ४७ किलोमीटर एकेरी आहे. एकेरी मार्गाची क्षमता काढायची जुनी पद्धत सोपी आहे: दिवसाच्या १,४४० मिनिटांना सर्वांत लांब खंडातल्या (लगतच्या दोन स्थानकांमधल्या) धावेचा वेळ अधिक सिग्नल-ब्लॉकची मिनिटं यांनी भागायचं आणि ०.७ नं गुणायचं. खंडाला १२ आणि ब्लॉकला ५ मिनिटं धरली तर दोन्ही दिशा मिळून दिवसाला सुमारे ५९ गाड्या. तोच खंड २० मिनिटांचा असेल तर ४० वर येते. म्हणजे सगळ्यांत लांब खंडाच्या मधे एक क्रॉसिंग स्थानक वाढवलं तरी बराच फरक पडतो, आणि ते पूर्ण दुहेरीकरणाच्या मानानं फार कमी पैशात होतं. पुणे–मिरज दुहेरीकरणाचा पूर्ण लाभ कोल्हापूरला मिळायचा असेल तर हा ४७ किलोमीटरचा गळा आधी मोकळा करायला हवा. रुकडीजवळ पंचगंगेचा पूलही त्याच मार्गावर आहे. पुरात पाणी धोक्याच्या खुणेला लागलं की गाड्या मिरजेलाच थांबवाव्या लागतात.

फाटकाच्या जागी उड्डाणपूल हवा असेल तर रस्त्यावर वाहनं मोजायला माणसं बसवा. दिवसातल्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या १ लाखाच्या वर गेली की रेल्वे आणि राज्य मिळून निम्म्या-निम्म्या खर्चानं पूल होऊ शकतो. जादा थांबा हवा असेल तर तो बहुधा सहा महिने प्रायोगिक मिळतो. त्या सहा महिन्यांत त्या स्थानकावरून तिकिटं काढली गेली नाहीत तर तो जातो. अनेक ठिकाणी लोक थांबा मिळाल्याचा सत्कार करतात आणि तिकीट मात्र पुढच्या मोठ्या स्थानकावरचंच काढतात.

वेळापत्रक असं पाळा. विभाग आपले प्रस्ताव पावसाळ्यातच वर पाठवायला लागतो, तिथून ते मुंबईला आणि मग रेल्वे बोर्डाकडं जातात. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा यादी कधीच पक्की झालेली असते. म्हणून जानेवारीत दिलेलं निवेदन वर्ष वाया घालवतं. जून-जुलैमध्ये पुणे विभागाच्या व्यवस्थापकांकडं आणि प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्याकडं एका कामाचं एकच पत्र द्या, त्यात प्लॅन हेड लिहा. ऑगस्टमध्ये खर्चाचा आढावा होतो, पुढं सुधारित अंदाज बनतो. ज्या कामाचा पैसा वापरला जात नाही त्याची तरतूद तेव्हा दुसरीकडं वळते. जमीन ताब्यात नसलेला प्रकल्प दर वर्षी तिथंच मार खातो. भूसंपादनाचा प्रश्न मात्र रेल्वेच्या हातात नाही, तो जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. त्याचा पाठपुरावा तिथंच करायचा.

माहिती अधिकारात १० रुपये भरून मध्य रेल्वेला तीन गोष्टी विचारा: कोल्हापूर–वैभववाडीच्या कामावर मंजुरीपासून दरवर्षीची मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च. तपशीलवार अंदाज कोणत्या तारखेला, कोणाकडं पाठवला आणि आज कोणत्या टेबलावर आहे. आणि राज्य सरकारनं वाट्याबद्दल दिलेल्या पत्राची प्रत. उत्तराची मुदत ३० दिवस. 'मार्ग कधी होणार' असं विचारू नका. ती माहिती कोणत्याच कागदावर नसते, आणि त्या एका प्रश्नामुळं उरलेल्यांनाही गोलमोल उत्तर मिळतं.